हायड्रोजन : ऊर्जेचा स्रोत नव्हे, वाहक

खनिज तेल व कोळशाला पर्याय म्हणून सौरऊर्जा आणि हायड्रोजन यांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात. प्रत्यक्षात दोहोंचे स्वरूप भिन्न आहे. सूर्यप्रकाश हा ऊर्जेचा स्रोत, तर हायड्रोजन हा प्रामुख्याने तिचा वाहक होय. तो बहुतांशी पाण्यात व हायड्रोकार्बनमध्ये बद्ध असतो आणि तो वेगळा करण्यास ऊर्जा खर्चावी लागते.

विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज व किमान ९ लिटर पाणी लागते. त्यात वापरण्याजोगी ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट. तो उच्च दाबाखाली साठवून इंधन घटाद्वारे पुन्हा वीज केल्यास मूळ विजेपैकी जेमतेम एक तृतीयांश हाती येते. तीच सौर वीज बॅटरीत साठविल्यास बहुतांश परत मिळते. म्हणून मोटारी वा घरगुती विजेसाठी हायड्रोजनचा वळसा सहसा परवडत नाही.

मात्र खते आणि तेलशुद्धीकरणासाठी हायड्रोजन अपरिहार्य आहे. आज तो मुख्यत्वे नैसर्गिक वायू व कोळशापासूनच तयार होतो. पोलाद उद्योगातही तो कोळशाची जागा घेऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेने २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी किमान २५,००० कोटी युनिट वीज लागेल. ती नव्या सौर व पवन प्रकल्पांतून न आल्यास तिची तूट कोळशानेच भरून काढावी लागेल आणि हायड्रोजनचे हरितपण नावापुरते उरेल.