उन्हाळ्यात फ्रिज थंड करत नाही? 'गॅस संपला' असे मानण्याआधी हे तपासा

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचला की फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते : लाइट लागतो, आवाजही येतो, पण पाणी थंड होत नाही. त्यावर 'गॅस संपला असेल' हा अंदाजही ठरलेलाच. प्रत्यक्षात फ्रिज थंड न होण्याची अनेक कारणे गॅसशी संबंधित नसतात. त्यातली निम्मी तरी घरच्या घरी, एकही स्क्रू न काढता तपासता येतात.

प्रश्न फक्त थंड पाण्याचा नाही. घरात इन्सुलिन घेणारी व्यक्ती असेल, लहान मुलासाठी दूध ठेवलेले असेल, तर फ्रिज बंद पडल्यानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे ठरतात.

फ्रिज नेमके काय करतो?

फ्रिज थंडावा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेव्हा तो गरम होतो. हा गरम गॅस मागच्या काळ्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्याआड बसवलेल्या नळ्यांतून फिरतो, आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. पुढे तो एका अगदी बारीक नळीतून फ्रीझरकडे जातो. तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता शोषली जाते. मग तोच गॅस कॉम्प्रेसरकडे परत येतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षे फिरत राहतो. दुसरी, उष्णता बाहेर टाकण्यासाठी नळ्या खोलीच्या हवेपेक्षा गरम असाव्या लागतात. खोलीच 42-43 अंशांवर असेल, तर कॉम्प्रेसरला तेच काम करायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

43 अंशांची मर्यादा

फ्रिज कोणत्या हवामानासाठी बनवला आहे, हे 'क्लायमेट क्लास'वरून कळते. त्याचे अक्षर बहुधा मागच्या किंवा आतल्या माहितीपट्टीवर छापलेले असते. 'एन' म्हणजे खोलीचे तापमान 32 अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे 38 पर्यंत आणि 'टी' म्हणजे 43 अंशांपर्यंत.

म्हणजे उष्ण प्रदेशासाठीच्या 'टी' वर्गाचीही हद्द 43 अंशांवर संपते. टिनाच्या छताखालच्या स्वयंपाकघरात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या फ्रिजभोवतीची हवा दुपारी ही हद्द ओलांडू शकते. असा फ्रिज दुपारी कमी थंड करत असेल आणि पहाटे पाणी पुन्हा गार मिळत असेल, तर तो बिघडलेला असेलच असे नाही. आधी त्याची जागा बदलून पाहावी.

घरच्या घरी तपासायच्या सहा गोष्टी

1. वीज आणि व्होल्टेज. घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असतो. उन्हाळ्यात कूलर, पंप सगळे एकाच वेळी सुरू झाले की गावाच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज पडते. व्होल्टेज कमी असले की कॉम्प्रेसरची मोटर सुरू होण्यासाठी धडपडते, जास्त करंट ओढते आणि संरक्षक स्विच तिला बंद करतो. दर काही मिनिटांनी 'टिक' असा आवाज येऊन पुन्हा शांतता, ही त्याची खूण. स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहावा. प्लग सैल, काळा पडलेला किंवा गरम लागत असेल तर आधी तो बोर्ड बदलून घ्यावा. व्होल्टेज रोजच पडत असेल तर 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ती फ्रिजची नव्हे, पुरवठ्याची अडचण आहे.

2. वीज परत आल्यानंतरची घाई. वीज गेल्यावर नळ्यांतला दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात वीज परत आली तर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. म्हणून स्टॅबिलायझर तीन-चार मिनिटे थांबून वीज सोडतो. वीज सारखी ये-जा करत असेल तर फ्रिज बंद ठेवून पाच मिनिटांनी सुरू करणे चांगले. घरगुती इन्व्हर्टरवर फ्रिज चालवण्यापूर्वी त्याची क्षमता पाहावी. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेतो.

3. मागची आणि बाजूची जागा. भिंत आणि फ्रिज यांत किमान वीतभर अंतर हवे. शेगडी शेजारी नको, खिडकीचे ऊन अंगावर नको. मागे जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. जाळी नसलेल्या मॉडेलमध्ये नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. त्यामुळे बाजू गरम लागणे हा दोष नाही. मात्र त्यावर कापडी कव्हर किंवा टॉवेल टाकला तर उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते.

4. दाराचे रबर. दारात कागद अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघाला तर तिथून गरम हवा आत जाते आहे. चिकटलेली साय, पीठ, साखर कोमट साबणाच्या पाण्याने पुसले की बरेचदा रबर पुन्हा नीट बसते. फाटले असेल तर बदलावे.

5. फ्रीझरमधला बर्फ. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाचा थर बोटभर जाड झाला की तो पांघरुणासारखा काम करतो. आत थंडावा पोहोचत नाही. डीफ्रॉस्टचे बटण दाबून किंवा फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी, चमचा, पेचकस यांनी बर्फ कधीही खरवडू नये. फ्रीझरच्या पातळ पत्र्यात गॅसची वाट असते. तिला एक छिद्र पडले तर मोठा खर्च उभा राहतो.

6. बटण आणि सामान. थंडीत कमी केलेले थर्मोस्टॅटचे बटण तसेच राहिले आहे का ते पाहावे. डिजिटल फ्रिज चुकून 'डेमो मोड'वर गेला तर लाइट लागतो, पण थंडावा येत नाही. गरम भाजी, भाताचे पातेले थेट आत ठेवू नये. हवा फिरायला जागा सोडावी.

हे सगळे करून झाल्यावर फ्रिज रिकामा नको, पण खचाखचही नको. रात्रभर चालू द्यावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

लक्षणांवरून बिघाड कसा ओळखावा?

- *लाइटही नाही, आवाजही नाही* : प्लग, बोर्ड, स्टॅबिलायझर किंवा वायर.
- *लाइट आहे, 'टिक' होते, कॉम्प्रेसर सुरू राहत नाही* : कमी व्होल्टेज, किंवा रिले, ओव्हरलोड, कपॅसिटर यांपैकी एक. हे भाग कॉम्प्रेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात. कॉम्प्रेसर बदलण्याआधी ते तपासायला सांगावे.
- *फ्रीझर थंड, खालचा कप्पा गरम (डबल डोअर)* : हवेची वाट बर्फाने बंद झाली आहे किंवा आतला पंखा बंद आहे. फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवून एक दिवस बंद ठेवावा. पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभर नीट चालून तीच तक्रार आली, तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडलेला असण्याची शक्यता मोठी.
- *कॉम्प्रेसर सतत चालू, पण फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही किंवा एकाच कोपऱ्यात धरतो, मागची जाळीही फारशी गरम नाही* : आता मात्र गॅस गळती, नळी तुंबणे किंवा कॉम्प्रेसर कमजोर होणे याचा संशय घ्यावा.

गॅस भरायचा असेल तर

गॅस कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरला तर काही आठवड्यांत पुन्हा तोच खर्च येतो. म्हणून मेकॅनिकला तीन प्रश्न विचारावेत : गळती कुठे सापडली? ती बंद केली का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढणार का?

कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. जुन्या फ्रिजमध्ये बहुधा आर-134ए असतो, नव्यांत आर-600ए. आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला, पेट घेणारा. त्याचे प्रमाण थोडेच असते, तरी नळी फुटल्याचा संशय आला तर खिडक्या उघडाव्यात आणि जवळ काडी ओढू नये, कोणतेही बटण दाबू नये. नळीला वेल्डिंग करण्याआधी हा गॅस मोकळ्या हवेत सुरक्षित काढावा लागतो. एका जातीच्या गॅसऐवजी दुसरा भरू देऊ नये.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असली, तरी ती अनेकदा फक्त त्या भागाची असते. गॅस आणि मजुरी वेगळी लागू शकते. अटी आधी वाचाव्यात आणि बदललेल्या भागांचे बिल घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

तोपर्यंत औषधे आणि अन्न कसे सांभाळावे?

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. वापरातली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे 'रूम टेम्परेचर'ला चालते असे पाकिटावर लिहिलेले असते, पण तिथे 25 ते 30 अंश अभिप्रेत असतात. यवतमाळची मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. फ्रिज बंद पडल्यास इन्सुलिन लगेच शेजाऱ्यांच्या किंवा ओळखीच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये हलवावे.

ते शक्य नसेल तर माठाचे तत्त्व उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आतल्या मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत औषध. मडके सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, त्यामुळे आतले तापमान खोलीपेक्षा बरेच खाली राहते. तरी ते फ्रिजइतके उतरत नाही, म्हणून ही सोय वापरातल्या बाटलीसाठी आणि थोड्या दिवसांचीच. इन्सुलिन बर्फाला थेट लावू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर वितळले तरी टाकून द्यावे. उष्णतेने त्याची ताकद घटल्याचे डोळ्यांना दिसेलच असे नाही. शंका आल्यास साखर तपासावी आणि डॉक्टरांना विचारावे.

दार न उघडता ठेवले तर खालचा कप्पा साधारण चार तास थंडावा धरतो, तीव्र उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यानंतर दूध, शिजवलेली डाळ, भात, मांस-मासे यांच्याबाबत वासावर विसंबू नये. वास येत नसला तरी जंतू वाढलेले असू शकतात.

लसीच्या फ्रिजकडून घ्यायचा धडा

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवण्यासाठी 'आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर' असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो 2 ते 8 अंश राखू शकतो. त्याचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवले जाते.

घरीही या दोन्ही गोष्टी करता येतात. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर त्या थंडावा धरून ठेवतात. आणि मधल्या कप्प्यात एक साधा थर्मामीटर ठेवला तर फ्रिज खरेच बिघडला आहे की दुपारच्या उन्हाने दमला आहे, हे सकाळ-संध्याकाळचे आकडेच सांगतात. 5 अंशांच्या आसपासचा आकडा ठीक. पहाटेही तो 10 च्या वर राहत असेल, तर मेकॅनिकला बोलवायची वेळ झाली.