गाडी एक, नावं तीन

इंग्लंडमध्ये गाडीचा इन्शुरन्स काढायला बसलं की फॉर्म पाठोपाठ तीन प्रश्न विचारतो. गाडीचा मालक कोण? रजिस्टर्ड कीपर कोण? आणि मुख्य ड्रायव्हर कोण? ऑनसाइट गेलेला आपला माणूस इथे हमखास अडखळतो. आपल्याला आरसी बुकावरच्या एका नावाची सवय. ज्याचं नाव त्याची गाडी, त्याचाच इन्शुरन्स, आणि चालवायला घरातलं कुणीही. मग हे तीन रकाने कशाला? आमच्या टीममधल्या एकाने तिथल्या गोऱ्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नेहमीच विचारतात." म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं :)

डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एकाच गोष्टीसाठी तीन रकाने दिसले की दोनच शक्यता सुचतात. एकतर टेबल बनवणाऱ्याने गोंधळ घातलाय, नाहीतर ती माहिती खरोखरच तीन प्रकारची आहे. गेले दोन-तीन वीकेंड मी यावरचे कायदे आणि जुने खटले वाचत होतो. माझं मत असं झालंय की इथे गोंधळ नाही. हे तीन प्रश्न तीन वेगळ्या लोकांचे आहेत. मालक कोण, हे गाडीत ज्याचे पैसे अडकलेत तो विचारतो. कीपर कोण, हे सरकार विचारतं. मुख्य ड्रायव्हर कोण, हे विमा कंपनी विचारते. आणि एक चौथा माणूस आहे, ज्याच्याकडे कुठलाच फॉर्म नसतो. तो म्हणजे रस्त्यात धडक बसलेला. या तीन नावांच्या घोळात त्या चौथ्याला भरपाई कोण देणार, हा खरा प्रश्न. सगळा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो.

सुरुवात सरकारपासून करू. ब्रिटनचा मोटार कार अ‍ॅक्ट १९०३ चा, लागू झाला १ जानेवारी १९०४ ला. ताशी २० मैलांची वेगमर्यादा, प्रत्येक गाडीला नंबर आणि तो नंबर कौंटी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये. गाडी चालवायचं लायसन्स पाच शिलिंग भरले की मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. नंबर कशासाठी, तर धूळ उडवत पळून गेलेला माणूस सापडावा म्हणून. चालकाने गुन्हा केला तर तो कोण होता हे मालकाने सांगायचं, असं कलमच होतं. पुढे १९२१ पासून प्रत्येक गाडीला लॉगबुक आलं, आणि त्यामागे रोड टॅक्सची वसुली होती. थोडक्यात, सरकारला गाडी कुणाच्या पैशाने आली याच्याशी देणंघेणं नव्हतं. टॅक्सचं पत्र आणि पोलिसाची नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, एवढंच त्याला हवं होतं. १९७४ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात सगळ्या देशाच्या गाड्यांची नोंद एका मध्यवर्ती कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात झाली, आणि हा 'पत्त्यावरचा माणूस' म्हणजे रजिस्टर्ड कीपर. आजही तिथल्या नोंदणीपत्रावर, म्हणजे व्ही५सी वर, ठळक छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. आपल्या आरसी बुकाला देव मानणाऱ्या माणसाला हे वाचून गरगरायलाच होतं.

पण मग मालक आणि कीपर वेगळे पडलेच कसे? याचं उत्तर आहे हप्ते. आणि गंमत म्हणजे सुरुवात गाडीपासून नाही, पियानोपासून आहे. हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज हा १८९५ चा खटला. एकाने पियानो महिन्याच्या हप्त्यांवर 'भाड्याने' घेतला. सगळे हप्ते फिटले की पियानो त्याचा, पण मध्येच परत करायचीही मुभा. हप्ते चालू असतानाच त्याने तो गहाण टाकला. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, विकत घ्यायचं बंधन त्याच्यावर नव्हतं, म्हणजे तो अजून भाडेकरूच होता, म्हणून पियानो मूळ मालकाचाच. झालं! सावकारांना नमुनाच मिळाला. पुढे मोटारी याच पद्धतीने घरोघरी पोचल्या. दारात गाडी उभी, लॉगबुकात नाव आपलं, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक मात्र फायनान्स कंपनी.

अशा गाड्या परस्पर विकणारेही निघालेच. कुठल्या गाडीवर हप्ते बाकी आहेत याची माहिती एका जागी ठेवायला १९३८ मध्ये एचपीआय नावाची संस्था सुरू झाली. सेकंडहँड गाडी घेण्याआधी तिथे अजूनही 'एचपीआय चेक' करतात, तो हाच. १९५७ च्या सेंट्रल न्यूबरी कार ऑक्शन्स खटल्यात एका ठकाने डीलरला खोटी माहिती देऊन मॉरिस गाडी आणि तिचं लॉगबुक दोन्ही नेलं आणि गाडी विकून टाकली. घेणाऱ्याने लॉगबुक बघूनच घेतली होती. अपील कोर्टात बहुमताने निकाल लागला: लॉगबुक म्हणजे मालकी हक्काचा कागद नव्हे, गाडी मूळ मालकाची. न्यायमूर्ती डेनिंग एकटे विरोधात होते. शेवटी १९६४ च्या कायद्याने वाट काढली. हप्त्यांवरची गाडी एखाद्या साध्या गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे, हप्त्यांची कल्पना नसताना घेतली, तर ती त्याची.

आता विम्याकडे येऊ, कारण खरी पंचाईत इथे आहे. विमा पहिल्यापासून मालकाच्या नावाने. पण गाडी तर घरातलं कुणीही चालवणार. १९२४ च्या विल्यम्स विरुद्ध बाल्टिक खटल्यात विमा भावाचा, त्याच्या परवानगीने गाडी चालवत होती बहीण, आणि तिच्या हातून लोक जखमी झाले. कंपनी म्हणाली, भरपाई बहिणीने द्यायची आहे, भावाचं नुकसान काय झालं? कोर्टाने ते मानलं नाही, कंपनीला पैसे भरायला लावले. पण १९३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा व्हॅन्डेपिट खटला आला. गाडी आणि विमा वडिलांचा, चालवत होती मुलगी. इथे निकाल उलटा लागला: विम्याचा करार वडिलांशी, मुलगी त्यात कुठेच नाही. जखमी बाईंचे हात रिकामे. म्हणजे बहीण चालवत होती तर पैसे मिळाले, मुलगी चालवत होती तर नाहीत. गाडीखाली येणाऱ्याने आधी आत कोण बसलंय ते बघून यावं काय?

तोवर रस्त्यावरची परिस्थिती भयानक झाली होती. १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये ४,८८६ माणसं रस्त्यावर मेली, १९३४ मध्ये ७,३४३. दरम्यान १९३० चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट आला आणि १ जानेवारी १९३१ पासून थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा झाला. त्यातलं एक छोटंसं पोटकलम फार महत्त्वाचं होतं. पॉलिसीत ज्यांना ज्यांना चालवायची मुभा दिलीय, त्यांच्यासाठीही कंपनी बांधील, मग करारावर त्यांची सही असो वा नसो. बहीण-मुलगी वाद मिटला.

पण दोन भोकं राहिलीच. पहिलं म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्याला गाडी दिली तर? मंक विरुद्ध वॉर्बी हा १९३५ च्या लॉ रिपोर्टमधला खटला. मालकाने गाडी मित्राला दिली, मित्राच्या वतीने तिसराच चालवत होता, विमा दोघांचाही नाही आणि चालवणाऱ्याकडे पैसेही नाहीत. अपील कोर्टाने सांगितलं, विम्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हाती दिलीस, आता भरपाई तू दे. "जरा गाडी दे रे" म्हणणाऱ्या मित्रांना दाखवावा असा हा निकाल आहे!

दुसरं भोक गाडी विकण्याचं. १९३८ च्या पीटर्स खटल्यात एकाने गाडी विकली आणि सोबत आपली पॉलिसीही देऊन टाकली. नव्या माणसाने अपघात केला. युक्तिवाद असा की तो पॉलिसीधारकाच्या 'परवानगीने' चालवत होता. कोर्टाचं उत्तर मला फार आवडलं. गाडी आता त्याचीच आहे, स्वतःची गाडी चालवायला माणूस परवानगी कुणाची घेणार? त्यामुळे विमा नाही. अशा सगळ्या रिकाम्या जागा भरायला अखेर १९४६ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून मोटर इन्शुरर्स ब्युरो काढला. विमा नसलेल्या गाडीने धडक दिली तर भरपाई ब्युरो देतो.

उरला तिसरा रकाना, मुख्य ड्रायव्हर. हा प्रश्न शुद्ध हिशोबाचा. आठवडाभर गाडी कोण पळवणार त्यावर धोका ठरतो आणि धोक्यावर प्रीमियम. अठरा वर्षांच्या पोराचा प्रीमियम तिथे गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. पूर्वी मुलींना मुलांपेक्षा स्वस्त पडायचं, पण युरोपियन कोर्टाच्या २०११ च्या निकालानंतर डिसेंबर २०१२ पासून तो फरक बंद झाला. मग आईवडील काय करतात? पॉलिसी बाबांच्या नावाने, मुख्य ड्रायव्हर बाबा, आणि चिरंजीव 'अधूनमधून' चालवणारे. याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि तो चक्क फसवणुकीचा प्रकार धरला जातो. २०१३ मध्ये लागू झालेल्या ग्राहक विमा कायद्यानुसार माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते आणि प्रीमियमही परत देत नाही. निष्काळजीपणा असेल तर क्लेम कापून देते.

पण मग बाबांच्या खोटेपणाची शिक्षा त्या चौथ्या माणसाला का? हा प्रश्न युरोपियन कोर्टापुढे पोर्तुगालच्या फिदेलिदादे खटल्यात आला. विमा काढणाऱ्याने आपणच मालक आणि नेहमीचा चालक असल्याचं खोटं सांगितलं होतं. २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं, ते भांडण तुमचं आणि त्याचं. बळी पडलेल्यांना पॉलिसी रद्दबातल आहे असं सांगता येणार नाही. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१९ पासून ब्रिटननेही आपला कायदा बदलला. पॉलिसी अपघातानंतर रद्द करवून घेऊन हात वर करायची सोय कंपन्यांसाठी बंद झाली. आधी भरपाई द्या, मग पॉलिसीधारकाच्या मागे लागा.

आणि सरकारनेही आपला रकाना विम्याला जोडून टाकला. २०११ पासून गाडी दारात नुसती उभी असली तरी विमा हवाच, नाहीतर 'रस्त्यावर नाही' अशी नोंद करा. ही जबाबदारी रजिस्टर्ड कीपरवर. दोन डेटाबेस एकमेकांशी ताडून बघतात आणि पत्र थेट त्याच्या घरी. आमच्या भाषेत, दोन टेबलांचा जॉइन.

असो. आपला याच्याशी संबंध काय? बराच आहे. आपला १९३९ चा मोटर व्हेईकल्स अ‍ॅक्ट याच ब्रिटिश साच्यातला, आणि आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला १ जुलै १९४६ पासून. पण १९८८ च्या कायद्यात आपण वेगळी वाट धरली. 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो, अशी सरळ व्याख्याच केली. दोन रकान्यांचा एक रकाना. मुख्य ड्रायव्हर तर आपल्याला सहसा कुणी विचारतच नाही. फॉर्म भरायला सोपं झालं, यात शंका नाही. पण रकाना काढला म्हणून घोळ संपत नाही, तो दुसरीकडे जाऊन बसतो.

कुठे? २०१८ च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या सुप्रीम कोर्टाच्या निकालात बघा. नोंदणीकृत मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. मग ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात गेली, आरसीवरचं नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला. तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की कायद्याच्या नजरेत मालक तोच, पहिला. भरपाई त्याच्यावर. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कितीजणांच्या हातून गेली याचा माग काढत हिंडावं, असं कायद्याला अपेक्षित नाही, हे त्यामागचं कारण. हे कारण मला पूर्ण पटतं. फक्त गाडी विकून दोन वर्षं होत आलेल्या त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

घेणाऱ्यासाठीही एक आहे. १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात आरसीवर नवीन मालकाचं नाव चढलं होतं, पण पॉलिसी जुन्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला. कोर्टाने सांगितलं, थर्ड पार्टीपुरता विमा गाडीबरोबर आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. त्यासाठी कंपनीशी वेगळा करार हवा. क्लेम गेला.

हे सगळं लिहायचं कारण असं की आपल्या पिढीत बाईक-गाड्या भराभर विकल्या जातात. नवी नोकरी, नवं शहर, ऑनसाइटचं तिकीट हातात. मग फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या, आरसी एजंटच्या हातात, पैसे मिळाले, विषय संपला. तो संपलेला नसतो. एका रकान्यात तुमचं नाव अजून आहे, आणि वेळ आल्यावर तेवढं एकच नाव बघितलं जाणार आहे. तेव्हा कॉलेजात असताना घेतलेली आणि नंतर कुणाला तरी देऊन टाकलेली बाईक ज्यांना आता आठवली असेल, त्यांनी परिवहनच्या वेबसाइटवर तिचा नंबर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.