हळदीचा लेप आणि हळदीची पूड

जामच्या चौफुलीवर नागपूरचा रस्ता फुटतो; एक फाटा हैदराबादकडे, दुसरा चंद्रपूरकडे. याच समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावात तूर कापताना कुणाच्या बोटाला विळा लागला, तर घरची माणसे काय करतील हे मी सांगायला हवे का? चिमूटभर हळद दाबतील आणि कामाला लागतील.

आता नवल ऐका. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठराविक मुदतीचा हक्क. आणि संशोधक दोघेही भारतीय वंशाचे!

आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातील माशेलचे. तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? कुणाही आजीला साक्षीला बोलवा. पण गोम तिथेच होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याला परदेशातली नुसती वहिवाट चालत नसे. छापील पुरावा लागे. म्हणून संस्कृत, हिंदी, उर्दूसह बत्तीस संदर्भ गोळा झाले. त्यांत भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता.

यावर पेटंटवाल्यांनी जो मुद्दा काढला, तो मला फार मजेचा वाटतो. ते म्हणाले, तुमचा तो लेप, आमची ही पूड. दोन्ही शरीरात सारखी मुरत नाहीत. लेपाने गुण येतो म्हणून पुडीनेही येईल, असे जाणकाराला खात्रीने वाटणार नाही. पोटातून हळद देता ती मधाबरोबर, आणि मधानेही जखम भरतेच की! हसू नका, गुरुजी. पेटंट कायद्याचा गाभाच हा आहे. जुन्या गोष्टीत केलेला बदल त्या कामातल्या माणसाला सहज सुचला असता का? सुचला असता, तर त्याला शोध म्हणत नाहीत.

तपासनिसाला लेप-पुडीचा भेद पटला नाही. २० नोव्हेंबर १९९७ रोजी त्याने सहाही मागण्या फेटाळल्या. गोष्ट आधीपासून ठाऊक होती, आणि सहज सुचण्याजोगीही होती. एप्रिल १९९८ मध्ये तसा दाखला निघाला.

पुढे अमेरिकेने कायदाच बदलला. २०१३ पासूनच्या अर्जांना परदेशातली उघड वहिवाटही आड येऊ शकते. म्हणजे निदान तत्त्वतः तरी, वायगावची आजी आता साक्षीला चालेल.