काचघराबाहेरचा पाम

थंड देशात पाम उघड्यावर जगवण्याच्या रीतीचे श्रेय सहसा युरोपातल्या हौशी बागवानांना दिले जाते, पण तिचे कूळ चीनच्या शेतांत आहे. युरोपला पाम नवा नव्हता. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला पाम आजही जिवंत आहे, तोही काचेच्या आडोशाला. पाम म्हटला की त्याला ऊब पुरवलीच पाहिजे, हा समज इतका पक्का होता, की लंडनजवळच्या क्यू उद्यानाने १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काचेचे प्रचंड पामगृह उभारले आणि ते बॉयलरने तापते ठेवले. लगेच १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून धाडलेली पामची रोपे क्यूला आली. फॉर्च्यून तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपे हिमालयातल्या मळ्यांकडे पाठवत होता. चुसान बेटावर त्याने पंख्यासारख्या पानांचा हा पाम पाहिला होता. जिथे हिवाळ्यात बर्फ पडते अशा भागातही चिनी शेतकरी तो लावत आणि खोडावरच्या तपकिरी काथ्यापासून दोर वळत, पावसात पांघरायची वस्त्रे करत. क्यूमध्ये हे झाड कडक हिवाळ्यात कोणत्याही पांघरुणाविना तगले. एक रोप राणी व्हिक्टोरियाच्या ऑसबोर्न येथील बागेसाठी प्रिन्स अल्बर्टकडे गेले.

यावर आक्षेप येतो, की फिलिप फॉन सिबोल्टने या पामचे बी जपानहून १८३० मध्येच लायडनला पाठवले होते, मग मान फॉर्च्यूनला का? बी आधी पोचले हे खरेच आहे. पण रोप जोवर काचेखाली जपले जाते, तोवर ते थंडी किती सोसते हे कळायला मार्गच नसतो. या रीतीचा जन्म झाडाच्या आगमनाने झाला नाही, ते बाहेर ठेवून पाहण्याच्या धाडसाने झाला. त्या धाडसाला आधार होता चिनी शेतकऱ्यांच्या अनुभवाचा, म्हणून पहिला मान त्यांचा.

दुसरा आक्षेप असा, की झाडच काटक असेल तर त्यात माणसाचे कसब ते काय? याचे उत्तर पामच्या घडणीत आहे. पामच्या खोडात आंबा-वडासारखा वाढीचा थर नसतो. एकाच बुंध्याच्या पामची सारी वाढ शेंड्यातल्या एका कोंबावर चालते. कोंब कुजला की माड गेला, हे कोकणातला बागायतदार जाणतो. कोकणात कोंबाला बुरशीचे भय असते, थंड देशात त्यात बर्फाची भर पडते. शेंड्यात साठलेले पाणी गोठते, कोवळ्या पेशी फुटतात आणि उरलेले काम कूज करते. म्हणूनच कोरडी थंडी सोसणारे झाड ओल्या थंडीत दगावते. जाणता बागवान हिवाळ्याआधी पाने वर उचलून सैल बांधतो, गाभ्याभोवती पेंढा भरतो, वरून पाऊस अडवतो पण हवा खेळती ठेवतो. मुळांवर वाळक्या पाल्याचा जाड थर देतो आणि थंडी ओसरताच सारे सोडतो, कारण कोंदट पांघरूणही कोंब कुजवते. कोवळ्या रोपाला तर याहून अधिक जपावे लागते.

आता विजेने तापणाऱ्या तारा आणि खोकी वापरून खजुरासारखे नाजूक पामही थंडीत उभे ठेवता येतात. मग योग्य जात शोधण्याचा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. पण एका रात्री वीज गेली तर वर्षांची वाढ संपते. उलट कुमाऊँच्या डोंगरांत चुसानच्या पामच्याच कुळातला ताकिल पाम बर्फातही स्वतःच्या बळावर वाढतो. झाडाचे मूळ गाव पाहून जागा निवडणे हाच या कलेचा पाया आहे आणि पांघरूण ही त्यावरची जोड.

मात्र हा पाया उलटही फिरू शकतो. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात हिवाळे सौम्य होत गेले तसा चुसानचा पाम बागा सोडून रानात पसरला. २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. ज्या कडक थंडीशी बागवान झुंजत होते, तीच या झाडाला कुंपणात ठेवत होती. झाड थंडीत जगेल का, हा प्रश्न फॉर्च्यूनच्या काळात पुरेसा होता. आज ते लावणाऱ्याने थंडी हटल्यावर ते कुठवर जाईल, हेही आधी तपासले पाहिजे.