उमरावाची लेक समजून
‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’ हा १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेला खेळ. पहिल्यांदा खेळलो तेव्हा डाव जिंकण्यापलीकडे माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा टिएट्रापाशी अडलो.

आयव्हलीस या काल्पनिक राज्यात पन्नास वर्षांचं युद्ध हरून संपलंय. तिजोरीत खडखडाट, म्हणून सैनिकांना पगार न देताच घरी धाडलंय. त्यांतले काही उमरावांवर उलटतात आणि दरबाराच्या लेखी दरोडेखोर ठरतात. इतिहासात असं घडलेलं आहे. ब्रेतिन्यीच्या १३६०च्या तहानंतर बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्यांनी फ्रान्समध्ये लुटालूट केली. १३६२मध्ये ब्रिन्ये इथे राजाच्या फौजेलाच धूळ चारली.

खेळाचा नायक रामझा उमरावपुत्र. त्याचा मित्र डेलिटा आणि डेलिटाची बहीण टिएट्रा ही सामान्य घरातली पोरकी भावंडं, रामझाच्याच वाड्यात वाढलेली. बंडखोर टिएट्राला पळवतात, ती उमरावाची लेक आहे असं समजून. पुढे एका गढीच्या दारात बंडखोर तिला ढाल करून उभा राहतो, तेव्हा रामझाचा मोठा भाऊ बाण सोडायचा हुकूम देतो. बाण आधी तिलाच लागतो. उमराव समजली गेली म्हणून पळवली गेली. उमराव नव्हती म्हणून मेली.

पहिल्या खेपेला मला बाण मारणाऱ्याचाच राग आला होता. दुसऱ्या खेपेला मी रामझाकडे पाहत राहिलो. तो भला आहे, मित्रावर त्याचा जीव आहे. पण ज्या घरात तो मुलगा आहे, त्याच घरात मित्र आश्रित आहे, हे त्याला कधी जाणवलेलंच नाही. आपण अशा मुलीला ‘घरच्यासारखी’ म्हणतो. त्यातल्या ‘सारखी’चं मोल संकटाच्या वेळी कळतं.

डेलिटा त्यातून एकच धडा घेतो: वापरले जायचं नसेल, तर वापरणारा व्हायचं. दोन्ही पक्षांना खेळवत, राजकन्या ओव्हेलियाशी लग्न करून तो राजा होतो. बखरीत तो वीर, रामझा पाखंडी. खरी हकीकत लिहिणाऱ्या ओरॅन दुराईला धर्मपीठ जाळून मारतं. शतकांनंतर त्याचा वंशज ती उघड करतो.

शेवटी डेलिटा वाढदिवसाची फुलं घेऊन राणीकडे येतो. आपल्यालाही त्याने वापरलंच, या खात्रीने ती त्याला सुरा भोसकते. तो तोच सुरा तिच्यावर चालवतो. सिंहासनावर पोहोचलेल्या त्या माणसापाशी आता विश्वास ठेवणारं कुणी उरलेलं नसतं.