मुखवट्याविना नायक : मराठवाडा, १९७८ आणि दोन चित्रकथा

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाडा पेटला. परभणी व नांदेड जिल्ह्यांतील खेड्यांना त्याची झळ विशेष बसली. दलित वस्त्यांतील घरे जळाली, कुटुंबे गाव सोडून गेली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ‘अमर चित्र कथा’ मालेत ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे पुस्तक निघाले.

या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा ओढण्याची गरज नाही. परंतु ज्या नावावरून परभणीतील घरे जळाली, तेच नाव शाळकरी मुलांच्या हातातील रंगीत पुस्तकावर छापले जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ती शक्य झाली त्यामागे विक्रीची एक विशिष्ट रीत होती.

चित्रकथांच्या बाजारात तेव्हा वेताळाचे राज्य होते. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले ते याच मुखवटाधारी नायकाच्या बळावर. परदेशी चित्रमाला आयती मिळे, आणि वेताळ अमर असल्याने पुढचा अंक आपोआप खपे. चरित्रकथेची अडचण नेमकी इथे आहे. तिचा नायक शेवटच्या पानावर निरोप घेतो. पुढच्या खेपेस नवा नायक, नवा काळ, नवा वेश. वाचकाला पुन्हा ओढून आणायचे कशाच्या जोरावर?

इंद्रजालच्या कामात मुरलेले अनंत पै यांनी या प्रश्नाचे उत्तर मुलांत न शोधता त्यांच्या आईवडिलांत शोधले. १९६७ साली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा किस्सा ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. किस्सा खराच असेल. पण प्रकाशकाच्या दृष्टीने त्याहून उत्तम जाहिरात नाही. तो ऐकणारा बाप खिशात हात घालतो. इंडिया बुक हाउसने एकेका नायकाऐवजी मालेचे नाव विकले आणि कॉमिक म्हणजे वाया गेलेला वेळ, हा घरोघरीचा समज मोडण्यासाठी थेट शाळा गाठली. १९७८ मध्येच दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानावर परिसंवाद भरला. माला एकदा शिक्षकांच्या पसंतीस उतरली की कृष्णाशेजारी, शिवाजी महाराजांशेजारी आंबेडकरही त्याच फळीवर बसू शकत होते.

चित्रकार मिळवण्याचे गणितही वेगळे नव्हते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मंडळी मराठी मुलखातलीच. आंबेडकरांचा अंक कदमांनी रंगवला. दर महिन्याला नवी संहिता तयार असे, म्हणजे कामाची खात्री होती. आणि चित्रकाराला त्याहून मोठे आमिष क्वचितच लागते. मुळीकांनीच पुढे राज कॉमिक्सचा महानायक ‘नागराज’ही काढला, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. पाने जिकडे, कुंचला तिकडे.

या व्यवस्थेची किंमतही होती. शाळेला रुचेल तेवढेच पानावर येई. चौकटींची आखणी ठरलेली, नायक धीरोदात्त, शेवट आश्वासक. अपमानाची धग त्या सुबक रेषेत काहीशी निवे.

विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०११ मध्ये, ‘नवयान’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘भीमायन’ प्रसिद्ध केले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. इथे प्रकाशकाला कलावंत शोधत जावे लागले. एवढेच नव्हे, त्यांची अटही मान्य करावी लागली. माणसांना चौकटीत कोंडणे व्याम दांपत्याला मंजूर नव्हते. म्हणून पानावरच्या सरळ चौकटी गेल्या आणि त्यांच्या जागी गोंड घरांच्या भिंतीवरील ‘दिग्ना’च्या वळणदार पट्ट्या आल्या.

ग्रंथाचा मुख्य आधार आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी. त्यांतील एक प्रसंग मराठवाड्याचाच आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. प्रवेशापाशी भरलेल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तोच तलाव बाटवल्याचा ओरडा करीत लोक धावून आले. परभणीही तेव्हा त्याच निजामी राज्यात होती.

‘भीमायन’मध्ये सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. विषारी बोल उमटतात त्या फुग्याला मात्र विंचवाची नांगी आहे.