चाकापासून वाडग्यापर्यंत

आपल्या समाजातील तरुण मंडळी अलीकडे लेथवर नव्या तऱ्हेची लाकडी पात्रे करू लागली आहेत. अखंड ठोकळा कातून केलेली ही पात्रे नव्हेत. लाकडाचे लहान लहान तुकडे कोनात कापून त्यांची कडी जुळवावयाची, अशी कडी एकावर एक चिकटवावयाची आणि मग तो सारा डोलारा लेथवर चढवून त्यातून वाडगा कातावयाचा, अशी ही रीत आहे. हे कसब परदेशातून आलेले आहे, आपल्या वाडवडिलांस ते ठाऊक नव्हते, असे आम्हीही काही वर्षांपूर्वीपर्यंत समजत होतो. आमचा तो समज आमच्याच पहिल्या वाडग्याने कसा दूर केला, ते ज्ञातिबांधवांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कातकामाचा थोडा इतिहास पाहू. लेथचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या थडग्यात असून ते इसवी सनापूर्वी सुमारे 300 वर्षांचे आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवीत आहे आणि दुसरा त्यावर हत्यार धरून बसला आहे. आपल्याकडील कातारी पिढ्यान् पिढ्या असेच काम करीत. एकाने दोरी ओढावी, दुसऱ्याने कातावे; पाळण्याचे गज, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे हे सारे याच रीतीने होई. सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी तर सर्वांच्या घरी असतील. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याच्या पानाने तिला झिलई येते. परंतु हे सर्व काम एका ठोकळ्याचे. तुकडे सांधून वर्तुळ साधण्याची विद्या कातारकामात नव्हे, तर चाक करणाऱ्या सुताराकडे होती.

ही विद्या किती जुनी आहे, याची खूण ऋग्वेदात सापडते. पहिल्या मंडलातील 164 व्या सूक्तात वर्षाला बारा प्रधींच्या एका चाकाची उपमा दिली आहे. प्रधी म्हणजे चाकाच्या परिघाचा तुकडा. त्याच मंडलातील 20 व्या सूक्तात ऋभूंनी अश्विनांसाठी रथ घडवला आणि त्वष्ट्याच्या एका चमसाचे चार चमस केले, असे वर्णन आहे. चमस म्हणजे सोमरसाचे लाकडी पात्र. ते पात्र सांध्यांचे होते असे म्हणण्यास कोणताही आधार नाही व तसा दावा आम्ही करीत नाही. रथ आणि पात्र ही दोन्ही कामे एकाच कारागिरांच्या नावे सांगितली आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे आजोबा बैलगाडीची चाके करीत. मध्ये तुंबा, तुंब्यात बसवलेले बारा आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर सहा कमानदार तुकडे. या तुकड्यास आमच्याकडे पुठ्ठा म्हणत. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे आणि दोन पुठ्ठ्यांच्या सांध्यात बाभळीची खुंटी. पुठ्ठे सहाच का, असे आम्ही लहानपणी विचारले असता आजोबांनी जमिनीवर कर्कटकाने वर्तुळ काढले आणि कर्कटक तेवढेच उघडे ठेवून परिघावर पावले टाकीत नेले. सहाव्या पावलास ते जिथून निघाले तिथेच परत आले. अक्षरशत्रू माणूस, पण वर्तुळाची त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते हे भूमितीचे सत्य त्यांच्या बोटांत होते.

पुढे रबरी टायरांच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले आणि चाकाचे काम बंद पडले. वडिलांनी दारे-खिडक्यांचे काम धरले, आम्ही नोकरी धरली. 1959 साली फेविकॉल बाजारात आल्यावर सरसाचे भांडेही हळूहळू चुलीवरून उतरले. तुंबा, आरा, पुठ्ठा हे शब्द आमच्या मुलांच्या कानावर कधी पडलेच नाहीत.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही विजेचा लहान लेथ घेतला आणि पहिला सांध्यांचा वाडगा करावयास बसलो. हिशेब सोपा वाटला. एका कड्यात बारा तुकडे, म्हणजे प्रत्येक तुकडा 30 अंशांचा; दोन्ही टोके 15 अंशांनी कापली की झाले. यंत्रकरवतीवरील खुणेवर भरवसा ठेवून आम्ही तुकडे कापले. अकरा तुकडे चांगले जुळले. बारावा बसवताना पाचरीसारखी फट राहिली. कारण उघड होते. बारा तुकड्यांची टोके 24. एकेका टोकास अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी शेवटच्या सांध्यात ती 12 अंशांची होऊन उभी राहते. आम्ही ती फट भुसा आणि चिकटद्रव्य यांनी भरली, वरून घासून झाकली आणि वाडगा लेथवर चढवला. गोल पटाशी टेकताच तो त्याच सांध्यातून फुटला आणि त्याचा तुकडा आमच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला.

त्या रात्री आजोबांचे चाक आठवले. शेवटचा पुठ्ठा बसवताना तेही सांध्यात किंचित फट ठेवीत. मग त्यांची फट कशी चालली? ती चालली धावेमुळे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवून चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. धाव आकसली की सारे सांधे आवळून बसत. वाडग्याला धाव नसते. तेथे प्रत्येक सांधा मुळातच खरा असावा लागतो.

दुसऱ्या वेळी यंत्रावरील खूण बाजूस ठेवून आम्ही फळीवर पूर्ण मापाचे वर्तुळ काढले, कर्कटकाच्या सहा पावलांनी त्याचे सहा भाग केले, प्रत्येकाचे दोन करून बारा केले आणि त्या रेघांवरून कोन घेतला. सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी आधी जुळवली. उरलेली बारीक चूक अर्ध्या कड्यांच्या टोकांवर रंधा फिरवून काढली आणि मगच ती एकमेकांस चिकटवली. बुडाची चकती व वर पाच कडी, म्हणजे 60 तुकडे. लाकडाच्या टोकास टोक चिकटवलेला सांधा दुबळा असतो; म्हणून भिंतीत विटांची सांधमोड करतात तसे प्रत्येक कडे खालच्या कड्यावर अर्ध्या तुकड्याने सरकवून बसवले. सागाच्या चार कड्यांमध्ये शिसवीचे एक कडे. या रीतीचा आणखी एक गुण आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून ओल्या अखंड ठोकळ्याचे पात्र वाळता वाळता लंबगोल होते. कड्यात तंतू परिघाबरोबर फिरत असल्याने वाडगा गोल राहतो.

वाडगा पुरा झाल्यावर आम्ही तो गावी नेला. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या चुलत्यांनी तो हाती घेतला. ते पूर्वी आजोबांच्या हाताखाली चाकाला बसत. दृष्टी अधू झालेली. त्यांनी काठावरून अंगठ्याचे नख फिरवीत सांधे मोजले. “बारा पुठ्ठ्यांचा केलास होय रे!” एवढेच ते म्हणाले. ज्या वस्तूस आम्ही परकी समजत होतो, तिला त्यांच्याजवळ नाव तयार होते.

म्हणून सर्व सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. परसात, गोठ्यात जुने चाक पडले असल्यास ते सरपणात घालू नये. पुठ्ठे किती, आरे किती, लाकूड कोणते, सांध्याची खुंटी कशी, हे मोजून लिहून ठेवावे आणि घरातील वृद्धांस त्या त्या भागाचे नाव विचारावे. पूर्वी गावगाड्याची धाव आपल्या धंद्यास बाहेरून आवळून धरीत असे. आज ती राहिली नाही व तिच्यातील जाच पाहता ती परत यावी असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु यापुढे जे जुळवावयाचे, ते फट भुशाने न झाकता जुळवावे लागेल, हे आमच्या पहिल्या फुटलेल्या वाडग्याने आम्हास शिकवले. त्याचा एक तुकडा आम्ही लेथजवळ खिळ्याला टांगून ठेवला आहे.